जनुकाला अनुदान मिळते, टाकीलाही द्या : विज्ञानमंत्र्यांना खुले पत्र

माननीय विज्ञान व तंत्रज्ञान मंत्री यांस,

सविनय नमस्कार.

बुरशीची एन्झाइम (रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने) यीस्टमध्ये बनवण्याच्या प्रकल्पांना अनुदान देताना प्रयोगशाळेतला छोटा फ्लास्क ही शेवटची पायरी धरू नये, मोठ्या किण्वन टाकीतल्या कामालाही पैसे द्यावेत, एवढ्यासाठी हे पत्र.

जनुकाचे काम आता बऱ्यापैकी सरावाचे झाले आहे. इंट्रॉन (जनुकातले प्रथिनासाठी न लागणारे तुकडे) गाळून, कोडॉन (अमिनो आम्ले ठरवणारी तीन अक्षरी सांकेतिक चिन्हे) यजमान पेशीला, म्हणजे एन्झाइम बनवणाऱ्या पेशीला, मानवतील असे बदलून जनुक तयार मागवता येते. ई. कोलाय हा जीवाणू झपाट्याने वाढतो, पण एन्झाइमवर बुरशीसारख्या शर्करासाखळ्या चढवणे त्याला जमत नाही आणि डायसल्फाइड बंधांचे (गंधकाच्या जोडांनी आकार धरणारे) प्रथिन त्याच्या पेशीत अनेकदा गुठळ्या होऊन निकामी पडते. म्हणून बरेच जण पिकिया यीस्टकडे वळतात. त्यात एओएक्स1 प्रमोटर (जनुकाची कळ असलेला डीएनएचा तुकडा) मिथेनॉल मिळताच जनुक चालू करतो आणि एन्झाइमला जोडलेला अल्फा-फॅक्टर हा छोटा संकेत-तुकडा ते पेशीबाहेर काढतो.

खरी कसोटी टाकीत लागते. सुरुवात लिटरला 40 ग्रॅम ग्लिसरॉलने करायची. ते संपले की ग्लिसरॉल हळूहळू सोडत ओल्या पेशींचे वजन लिटरला 200 ग्रॅमच्या आसपास न्यायचे. मग मिथेनॉल : लिटरमागे तासाला 3.6 मिलिलिटरपासून सुरू करून, पेशी रुळल्या की 10.9 पर्यंत. हे 10.9 मिलिलिटर म्हणजे सुमारे 8.6 ग्रॅम, आणि ग्रॅमभर मिथेनॉलला जवळपास ग्रॅमभर ऑक्सिजन लागतो. नुसत्या हवेवर हे सहसा भागत नाही, शुद्ध ऑक्सिजन मिसळावा लागतो. तो कमी पडला की मिथेनॉल साचते. लिटरला 4-5 ग्रॅमच्या वर गेले की वाढ खुंटते, पेशी मरून फुटतात आणि त्यांतून सुटलेले प्रोटिएज (प्रथिने तोडणारी एन्झाइम) तयार एन्झाइमच खाऊन टाकतात. तपासणी सोपी आहे : मिथेनॉल क्षणभर बंद करावे. मिनिटभरात विरघळलेला ऑक्सिजन 10 टक्क्यांनी वर आला नाही, तर मिथेनॉल साचले आहे असे समजावे.

उष्णतेचे दुखणे याहून चिवट. मिथेनॉल वापरताना पेशी बरीच उष्णता सोडतात आणि ती टाकीच्या भिंतीतून बाहेर काढावी लागते. टाकी मोठी होते तसे घनफळाच्या मानाने भिंतीचे क्षेत्रफळ घटते. प्रोटिएज आवरायला तापमान 25 अंशांपर्यंत उतरवायचे असते, नेमके तेव्हाच थंड पाणी अपुरे पडते. 2 लिटरच्या टाकीत हा प्रश्न दिसतही नाही, त्यामुळे अहवालात तो येत नाही.

अहवालात केवळ प्रथिनाचे वजनही मागू नये. ट्रायकोडर्मा रीसी या बुरशीच्या सेल7ए या सेल्युलोज तोडणाऱ्या एन्झाइमच्या साखळीतल्या पहिल्या ग्लुटामिन या अमिनो आम्लाचे वलय व्हावे लागते. बेकरी यीस्टमध्ये ते आपोआप नीट होत नाही. मग प्रथिन भरपूर मिळते, पण उष्णतेला टिकत नाही. म्हणून सक्रियता (एन्झाइम किती काम करते) आणि कामाच्या तापमानाला काही तासांनी उरणारी सक्रियता, हे दोन्ही आकडे सक्तीचे करावेत.

आमची मागणी अशी : संशोधकांना सामायिक वापरता येईल अशी 500 लिटरची टाकी, शुद्ध ऑक्सिजनची जोडणी, पुरेशा क्षमतेचा चिलर (पाणी थंड करणारे यंत्र), मिथेनॉलसाठी आगीपासून सुरक्षित साठवण आणि गळतीचा इशारा देणारी यंत्रणा उभारावी. अनुदानाचा शेवटचा हप्ता त्या टाकीतल्या निकालावर द्यावा. आणि यंत्रांसोबत रात्रपाळीच्या तंत्रज्ञांची पदेही मंजूर करावीत, कारण मिथेनॉलचा टप्पा तीन-चार दिवस अखंड चालतो.

आपले,
किण्वन प्रक्रियेत काम करणारे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ व अभियंते