बंदर व्यवस्थापनाची पदवी घेतलेल्या मुलांना बंदरात कोण घेणार? बंदरे मंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय बंदरे, जहाजवाहतूक व जलमार्ग मंत्री यांस,
सविनय नमस्कार.

आपला वेळ मोलाचा आहे हे जाणून लिहितो आहे. गेल्या आठवड्यात माझ्या मुलीला एका कंटेनर टर्मिनलच्या मुलाखतीतून उभ्या उभ्या परत पाठवलं. बंदर व्यवस्थापनाची पदवी तिच्या हातात आहे, गुणही चांगले आहेत. मुलाखत घेणाऱ्या गृहस्थांनी विचारलं, यार्ड प्लॅनिंगचं, म्हणजे आवारात कुठला कंटेनर कुठे ठेवायचा ते ठरवण्याचं, काम कोणत्या संगणकाच्या सिस्टिमवर केलं आहेस? तिने कुठल्याच सिस्टिमला हात लावलेला नव्हता. मग त्यांनी विचारलं, बंदराच्या आत कधी गेली आहेस का? ती नाही म्हणाली. त्या गृहस्थांना मी दोष देत नाही. जहाज धक्क्याला लागलेलं असताना एकेक तास पैशात मोजला जातो, तिथे पाटी कोरी असलेलं पोर कोण उभं करील?

तिच्या संस्थेच्या माहितीपत्रकात ‘प्रत्यक्ष बंदरात सहा महिन्यांचं प्रशिक्षण’ असं छापलेलं होतं. झालं ते एवढंच, की बस फाटकापाशी नेली, आत जाण्याचे पास काढलेलेच नव्हते, आणि मुलांनी रस्त्यावरून क्रेन पाहिल्या. बंदरांच्या सुरक्षेचे आंतरराष्ट्रीय नियम २००४ पासून लागू आहेत, पासशिवाय कोणालाही आत सोडत नाहीत. हे संस्थेला ठाऊक नव्हतं असं कसं मानायचं? मी तक्रार केली. संस्थेने उत्तर दिलं नाही. ज्या कार्यालयांकडे अर्ज केले त्यांनी ‘हा विषय आमच्या कक्षेत येत नाही’ असं कळवलं. मग कोणाच्या कक्षेत येतो, एवढंच विचारायला हे पत्र आहे.

मुलीला खरं तर जहाजावरच जायचं होतं. वैद्यकीय तपासणीत रंगदृष्टीचा दोष निघाला आणि जहाज चालवणाऱ्यांची (डेक) आणि यंत्रं सांभाळणाऱ्यांची (इंजिन), दोन्ही वाटा बंद झाल्या. घरात किती दिवस कोणी नीट बोललं नाही. त्यातून सावरून तिने किनाऱ्यावरचं काम निवडलं. तेव्हा मला जे दिसलं ते आपण समजून घ्यावं. जहाजावर जाणाऱ्या मुलांसाठी नियम आहेत. खलाशांच्या प्रशिक्षणाच्या १९७८ च्या आंतरराष्ट्रीय (एसटीसीडब्ल्यू) कराराप्रमाणे अभ्यासक्रम असतो, नौवहन महासंचालनालयाची मान्यता लागते, मान्यताप्राप्त संस्थांची यादी कोणालाही पाहता येते. किनाऱ्यावरच्या पदवीला यातलं काही नाही. विद्यापीठाची संलग्नता मिळाली, आता बीबीएसाठी (व्यवस्थापनाच्या पदवीसाठी) तंत्रशिक्षण परिषदेची, म्हणजे एआयसीटीईची, मान्यता मिळाली, की काम झालं. त्या संस्थेत बंदरात काम केलेला एक तरी शिक्षक आहे का, एखाद्या टर्मिनलशी लेखी करार आहे का, हे बंदर खात्यातलं कोणीही तपासत नाही. पदवीच्या नावात ‘मेरिटाइम’ घालायला मात्र कोणाची आडकाठी नाही.

बारावीच्या मुलाला हे कोण सांगणार, की या पदवीवर जहाजाचा अधिकारी होता येत नाही? जहाज बंदरात आणणारा पायलट किंवा हार्बर मास्टर व्हायचं तर जहाजावर वर्षं काढून मास्टरचं, म्हणजे कप्तानाचं, प्रमाणपत्र मिळवावं लागतं. सीमाशुल्काचं काम करून देणारा कस्टम ब्रोकर व्हायचं तर वेगळी परीक्षा आहे. उरतं ते जहाजाचं आणि यार्डचं नियोजन, गेट, बंदराबाहेर कंटेनर भरण्या-रिकामे करण्याची जागा (सीएफएस), शिपिंग लाइनचं डॉक्युमेंटेशन. ही कामं चांगली आहेत, माझ्या मुलीला तीच हवी आहेत. पण ती हाताने शिकायची कामं आहेत. कुठला कंटेनर कुठल्या थरात ठेवला तर उद्या कमी वेळा हलवावा लागेल, हे फळ्यावर शिकवून येत नाही.

आणि नोकरी द्यायची कोणी? न्हावा शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झालं. १९९७ मध्ये पहिल्या खासगी टर्मिनलचा करार झाला, आणि २०२२ मध्ये बंदराने स्वतःचं शेवटचं कंटेनर टर्मिनलही खासगी हातात दिलं. आता बंदराचं सरकारी प्राधिकरण फक्त जमीनमालक आहे, भाडं आणि महसुलातला वाटा घेतं. कंटेनर हाताळणारी माणसं खासगी कंपनी नेमते, तिच्याखाली कंत्राटदार, त्याच्याखाली आणखी एक. सरकार म्हणतं रोजगार कंपनी देईल, कंपनी म्हणते अनुभव आणा. अनुभव द्यायचा कोणी, हे मला एकाही माणसाने सांगितलेलं नाही. ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेने अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेतलेच पाहिजेत, असा कायदा या देशात आहे. प्रत्येक टर्मिनलवर त्याप्रमाणे किती मुलं घेतली, याचा तक्ता तुमच्या मंत्रालयाने फाटकावर लावावा. माझी मुलगी तो रोज वाचायला जाईल.

डहाणूजवळच्या नव्या वाढवण बंदराचं भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ रोजी झालं. ७६ हजार कोटींहून जास्त खर्च, नऊ कंटेनर टर्मिनल. मंजुरीच्या वेळी दहा लाख रोजगार म्हणालात, भूमिपूजनाला बारा लाख. मधल्या दोन लाखांचा हिशेब कोणी केला? त्या बारा लाखांत नियोजनाच्या खुर्च्या किती आणि जहाजावर कंटेनर जखडायच्या (लॅशिंगच्या) सळया कसणारे हात किती, हे वेगळं करून सांगा. डहाणूच्या मच्छीमारांना हा आकडा सांगून समुद्र सोडायला लावणार असाल, तर त्यांच्या मुलांनी आत्ता कुठल्या कॉलेजात कोणता अर्ज भरायचा तेही सांगायला हवं.

उरण-पनवेलच्या लोकांनी हे आधी भोगलं आहे. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जमिनीसाठी लढताना पाच जण गोळीबारात गेले, त्यानंतर कुठे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचा मार्ग निघाला. जमीन घेताना तुमची यंत्रणा शेवटच्या गुंठ्यापर्यंत पोहोचते, नोकरी द्यायची वेळ आली की तिला फाटकाबाहेरचं माणूस दिसत नाही. माझ्या घरी शैक्षणिक कर्जाचा हप्ता सुरू झाला आहे. मुलगी खोलीचं दार लावून बसते. तिची आई मला विचारते, पुढे काय, आणि माझ्याकडे उत्तर नाही. मंत्रालयात कोणाच्या घरी असं दार बंद आहे का?

संसदेने २०२५ मध्ये नवा बंदर कायदा केला, बिल ऑफ लेडिंगचा (जहाजावर माल चढवल्याच्या पावतीचा) १८५६ चा कायदा बदलला, १९५८ चा मर्चंट शिपिंग कायदा बदलला. एका वर्षात एवढे जुने कायदे बदलता येतात, तर पुढची दोन कामंही करता येतील. बंदर व्यवस्थापन शिकवणाऱ्या प्रत्येक संस्थेची यादी मंत्रालयाने जाहीर करावी. तिच्यात कोणत्या टर्मिनलशी करार आहे, किती मुलं प्रत्यक्ष आत जाऊन शिकली, किती जणांना बंदरातच काम मिळालं, हे लिहिलेलं असावं. आणि यापुढच्या टर्मिनल करारात, वाढवणच्या नऊही टर्मिनलच्या करारात, विद्यार्थ्यांना आत घेऊन शिकवण्याची अट घालावी. करार अजून व्हायचे आहेत तोवरच ही अट घालता येईल. नंतर तीस वर्षं ती कंपनी तुम्हाला करारावर बोट ठेवून दाखवील.

प्रवेशाचे अर्ज निघण्याआधी उत्तर द्या. तेच माहितीपत्रक यंदाही वाटलं जाणार आहे.

आपला,
एका विद्यार्थिनीचा बाप