नवी मुंबईत हॉकी येऊ द्या: क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

मा. क्रीडामंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई
यांस,

स. न. वि. वि.

साहेब, नेरूळमध्ये मी शाळकरी मुलांना हॉकी शिकवतो. सकाळी साडेसहाला आम्ही मैदानावर जमतो, पण नवरात्र संपल्यावरचे पंधरा-वीस दिवस मुलांच्या हातात स्टिकच्या आधी घमेलं येतं. मंडपाचे खांब काढले की मैदानभर वीतभर खोल खड्डे राहतात. मुलं त्यात माती भरतात, पायाने दाबतात, वर बाटलीतलं पाणी ओततात. दोन दिवसांत माती खचते, की पुन्हा घमेलं. गेल्या वर्षी अशाच एका खड्ड्यात आमच्या गोलकीपरचा घोटा मुरगळला. महिनाभर तो रोज यायचा आणि कडेला बसून नुसता बघायचा.

मागणी मात्र मी मोठी घेऊन आलोय. पुरुष हॉकीची एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा नवी मुंबईत व्हावी आणि त्यासाठी लागणारं टर्फ, म्हणजे कृत्रिम गवताचं मैदान, शासनाने इथे घालावं.

मोठ्या स्पर्धा या शहराला नव्या नाहीत. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर २०१७ साली सतरा वर्षांखालील फुटबॉल विश्वचषकाचे सामने झाले. २ नोव्हेंबर २०२५ ला आपल्या मुलींनी तिथेच दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून क्रिकेटचा विश्वचषक उचलला. आता तर विमानतळही सुरू झालाय. हॉकीसाठी कमी आहे ते फक्त मैदान.

हॉकीचा पुरुष विश्वचषक महाराष्ट्राने पाहिला त्याला चार दशकं उलटली. १९८२ साली मुंबईत पाकिस्तानने पश्चिम जर्मनीला हरवून तो जिंकला, आपण पाचवे आलो. पुढे २०१० ला दिल्ली, २०१८ ला भुवनेश्वर, २०२३ ला भुवनेश्वर आणि राउरकेला. २०२५ चा आशिया चषक बिहारमधल्या राजगीरला झाला. तिथे दक्षिण कोरियाला ४-१ ने हरवून भारताने नेदरलँड्स-बेल्जियममधल्या २०२६ च्या विश्वचषकात जागा मिळवली. त्याच वर्षी ज्युनियर विश्वचषकासाठी तामिळनाडूने चेन्नईच्या जोडीला मदुराईत नवं मैदान उभं केलं. राजगीर लहानसं गाव आहे, साहेब. त्यांना जमलं.

टर्फवाचून काय अडतं, ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी मुलांना घेऊन पहिल्यांदा टर्फवर सामना खेळायला गेलो. पाठीवर किट, हातात स्टिक, हार्बरच्या गर्दीतून सीएसएमटी आणि तिथून चालत चर्चगेट. मातीवर चेंडू कधी उडेल याचा नेम नसतो, म्हणून आमची मुलं स्टिक उभी धरतात, चेंडू थांबवतात आणि मग खेळतात. टर्फवर सामन्याआधी पाणी मारलेलं असतं. चेंडू जमिनीला धरून, सरळ आणि सणसणत येतो, तिथे वाकून स्टिक आडवी टाकावी लागते. मुलांना ते कळेपर्यंत तीन गोल झाले होते. शेवटी नऊ गोलांनी हरलो. पेनल्टी कॉर्नर, म्हणजे गोलजवळच्या चुकीबद्दल मिळणाऱ्या गोलच्या संधी, मिळाले, पण त्यावर ड्रॅग फ्लिक मारायची तर चेंडू स्टिकला चिकटवून जमिनीवरून ओढत नेऊन गोलकडे फेकावा लागतो. खडीच्या मैदानात मी ती शिकवायची कशी? परतीच्या गाडीत आमचा कर्णधार वाशीपर्यंत गप्प होता. मग म्हणाला, "सर, हा खेळच वेगळा आहे." त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

१९७५ ला गवतावर विश्वचषक जिंकलेला भारत पुढच्याच वर्षी माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये कृत्रिम टर्फवर सातवा आला. देशाने तेव्हा जे भोगलं ते आमची मुलं आज भोगतायत.

खेळाडू आपल्याकडे होते आणि आहेत. खडकीचा धनराज पिल्ले चार ऑलिम्पिक आणि चार विश्वचषक खेळला. मुंबईने विरेन रस्किन्हा दिला, युवराज वाल्मीकी दिला. टोकियो आणि पॅरिसच्या कांस्यपदकांनंतर माझ्याकडे नवी मुलं आली, त्यात घरी हॉकीचा गंधही नसलेली जास्त. असं असताना हॉकी इंडिया लीग ही संघमालकांची व्यावसायिक स्पर्धा २०२४-२५ ला पुन्हा सुरू झाली, तेव्हा पुरुषांच्या आठ संघांत महाराष्ट्राचा एकही नव्हता. ते मनाला फार लागलं.

नुसतं टर्फ मागितलं तर फाइल या टेबलावरून त्या टेबलावर जात राहील. परदेशी संघ कधी येणार ती तारीख ठरली, की कामाला मुदत लागते. म्हणून स्पर्धा मागतोय. सिडको आणि महापालिका यांना एकत्र बसवून ९१.४ मीटर बाय ५५ मीटरचं मैदान आणि भोवती प्रेक्षकांची सोय होईल एवढी जागा ठरवावी. पाण्याचा प्रश्न निघेल आणि तो रास्त आहे. इथे सांडपाणी शुद्ध करून कारखान्यांना दिलं जातंच. खेळाडूंच्या तब्येतीला चालेल इतकं शुद्ध करून ते टर्फवर मारता येईल का, हे तज्ज्ञांकडून तपासून घ्यावं.

एक अट मात्र आधीच कागदावर यावी. पाहुणे संघ गेल्यावर फाटकाला कुलूप लागता कामा नये. सकाळ-संध्याकाळ ते टर्फ ठाणे आणि नवी मुंबईच्या शाळांना, महापालिकेच्या शाळांना सर्वांत आधी, फी न घेता मिळावं.

हे सगळं व्हायला वेळ लागेल, हे मी समजतो. तोवर एक काम एका परिपत्रकाने होईल. खेळाची मैदानं मंडपाला देताना अनामत रक्कम घ्यावी आणि खड्डे बुजवून, रोलर फिरवून मैदान परत दिल्याशिवाय ती सोडू नये. येत्या नवरात्राच्या आधी एवढं तरी करावं, ही विनंती.

आपला,
एक हॉकी प्रशिक्षक, नेरूळ