कांदा, मामेभाऊ आणि पूर्वपक्ष

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

राजकारणावरून कुठे वाजलं की वाचकांच्या पत्रांत एक वाक्य हमखास येतं: ‘मतभेद असावेत, मनभेद नसावेत.’ त्याच्या मागोमाग ‘पूर्वीचे नेते कसे दिलदार होते’ हेही येतंच. मला आता या वाक्याचा कंटाळा आला आहे. ज्या पुण्यात आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा निघाली, जिथे १८९५ साली काँग्रेसच्या मंडपात सामाजिक परिषद भरवली तर मंडप जाळू अशी धमकी आली आणि रानड्यांना ती दुसरीकडे न्यावी लागली, तिथल्या ‘पूर्वी’चं कौतुक मला नका सांगू. मनभेद तेव्हाही होते, चांगले सणसणीत होते. दुसरं असं की मनं साफ असून चालत नाही. माझं माझ्या मामेभावावर प्रेम आहे, त्याचं माझ्यावर आहे, आणि तरी आम्ही दोघांनी एकमेकांचं एक अक्षर ऐकलेलं नव्हतं. ती हकिगत सांगण्यासाठी हे पत्र.

मी डोंबिवलीत राहते, बँकेतून निवृत्त झाले. केंद्रात जे सरकार आहे त्याला मी मत देते, आधीही दिलं, पुढेही बहुधा देईन. मामेभाऊ निफाड तालुक्यात कांदा लावतो. डिसेंबर २०२३ मध्ये घरातल्या एका साखरपुड्याला आम्ही भेटलो. भाव आवरायला केंद्राने घातलेल्या कांद्याच्या निर्यातबंदीला तेव्हा जेमतेम आठवडा झाला होता. लासलगावचे लिलाव बंद पडले होते, चांदवडला मुंबई-आग्रा महामार्ग अडवला गेला होता. जेवणाच्या पंगतीत तो काहीतरी बोलला आणि मी पटकन म्हणाले, “मग आम्ही काय साठ-सत्तर रुपयांनी कांदा खात बसायचं? सरकार सगळ्यांचं असतं, एकट्या शेतकऱ्याचं नाही.” तो म्हणाला, “ताई, फेब्रुवारीत सोलापूरच्या बाजारात एकाला ५१२ किलो कांद्याचे २ रुपये हातात पडले. तेव्हा कुठं होतं सगळ्यांचं सरकार?” मी फोन काढला, शोधलं आणि त्याच्या तोंडावर टाकलं: राज्य सरकारने क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर केलं होतं की! पंगतीतले दोघंतिघं हसले. मला वाटलं, जिंकले.

तो काही बोलला नाही. जिलेबी न घेताच उठला.

घरी आल्यावर मला बरं वाटेना. मुद्दा चुकला असं नाही वाटलं, माझा मुद्दा खराच होता. पण लहानपणी आमच्या संस्कृतच्या बाई वर्गात वाद घालायला लावत, ते आठवलं. त्यांचा नियम एकच. आधी पूर्वपक्ष. म्हणजे समोरच्याचं म्हणणं तू मांडायचंस, त्याच्याहून चांगलं मांडायचंस, आणि तो ‘हो, हेच माझं म्हणणं’ असं म्हणाला की मगच तुला त्याचं खंडन करायची परवानगी. बाई सांगायच्या, न्यायदर्शनात चर्चेचे तीन प्रकार आहेत. खरं काय ते शोधायला दोघं बसतात तो वाद. जिंकायचंच म्हणून बोलतात तो जल्प. आणि स्वतःची काही बाजूच नाही, दुसऱ्याचं पाडायचं एवढाच उद्योग, ती वितंडा. गंमत पाहा, जल्प आपण विसरलो, वितंडा मात्र आपल्या रोजच्या मराठीत ‘वितंडवाद’ म्हणून टिकली. पंगतीत मी केला तो शुद्ध जल्प होता. टीव्हीवर रोज रात्री नऊ वाजता चालतो त्याला काय म्हणायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

जानेवारीत मी त्याला फोन केला. म्हटलं, मला भांडायचं नाही, तुझी बाजू मला मांडून दाखवायची आहे, चुकले तर सांग. त्याला आधी थट्टा वाटली. मी सुरुवात केली: “तुझं म्हणणं, भाव पडला की सरकार येत नाही आणि चढला की लगेच येतं.” तो म्हणाला, “अर्धं.” मग पाऊण तास तो बोलला आणि मी कागदावर लिहून घेतलं. बँकेची सवय.

त्यातलं मला काय माहीत नव्हतं? जवळजवळ सगळंच. मला कांदा म्हणजे कांदा. त्याच्या लेखी उन्हाळ कांदा वेगळा आणि लाल कांदा वेगळा. उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलात निघतो, कांदाचाळीत, म्हणजे साठवणीच्या हवेशीर शेडमध्ये, भरून चार-पाच महिने थांबता येतं, वजन घटतं, काही सडतो, पण भावाची वाट बघता येते. लाल कांदा टिकत नाही. काढला की बाजार समितीत न्यायचा, लिलावात जो पुकारा होईल तो घ्यायचा, ट्रॅक्टर परत आणणं परवडत नाही. आणि ८ डिसेंबरची बंदी आली ती नेमकी लाल कांद्याच्या हंगामात. त्याआधी ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यात शुल्क, ऑक्टोबर संपता संपता टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य, म्हणजे त्याहून स्वस्त कांदा बाहेर पाठवायचाच नाही. “ताई, भाव पडतो ते मला समजतं, पाऊस पडतो तसं ते. पण पेरताना एक नियम आणि काढताना दुसरा, हे कुणाशी बोलायचं?” हे वाक्य मी अधोरेखित केलं आहे.

आणि ते अनुदान, ज्यावर मी पंगतीत हशा मिळवला? सातबाऱ्यावर कांद्याची नोंद हवी होती, ई-पीक पाहणीतली, म्हणजे शेतकऱ्याने स्वतः ॲपवर पिकाची करायची ती. त्याने ती मोबाइलवर केलीच नव्हती, त्या आठवड्यात शेतात रेंज नव्हती म्हणतो. त्यामुळे त्याचा अर्ज अडकला. माझी माहिती बरोबर होती आणि त्याच्या घरात एक रुपया आला नव्हता. दोन्ही खरं.

मी काय बदलले? मत नाही बदललं. जून २०२४ मध्ये लोकसभेचा निकाल लागला तेव्हा त्याच्या दिंडोरी मतदारसंघात सत्ताधारी उमेदवार पडल्या, त्याला आनंद झाला आणि मला नाही. महागाई आवरायला सरकारने काहीच करू नये, हे मला आजही पटत नाही. आमच्या इमारतीत धुणंभांडी करणारी बाई पाव किलो कांदा घेते तेव्हा तिलाही निर्यातीची गणितं सांगायची का? हे मी त्याला विचारलं. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “तिला स्वस्त द्यायचा तर सरकारनं द्यावा ना, माझ्या खिशातून कशाला?” याला माझ्याकडे अजून उत्तर नाही. ते मी मान्य केलं. याआधी कधी मी कुणासमोर राजकारणात ‘याला उत्तर नाही’ म्हटल्याचं मला आठवत नाही, आणि मी बासष्ट वर्षांची आहे.

एक खुलासा करते, नाहीतर कुणी लिहील की बाईंनी सगळ्यांचंच ऐकायला सांगितलं. नाही. आमच्या नात्यातल्या ग्रुपवर एक गृहस्थ आहेत, ते पहाटे पाचला एका समाजाला शिव्या घालणारे व्हिडिओ टाकतात. त्यांचा पूर्वपक्ष मी मांडत बसणार नाही, कारण तिथे पक्षच नाही. त्या ग्रुपमधून मी बाहेर पडले. ज्याच्या बोलण्यात त्याचं शेत, पगार, पोरांची फी, काहीतरी पणाला लागलेलं आहे, त्याच्याकडे मी कागद घेऊन बसते.

आणि हे फोनवर किंवा समोरासमोरच जमतं, चारचौघांत नाही. पंगतीत प्रेक्षक होते म्हणून मी तशी बोलले. एकटा तो आणि एकटी मी असतो तर त्या हशाचा मोह मला पडलाच नसता.

गेल्या दिवाळीत पुन्हा सगळे जमलो. निर्यातीवरचं उरलेलं २० टक्के शुल्क १ एप्रिल २०२५ पासून उठलं होतं आणि तरीही भाव पडलेलेच होते, त्यामुळे विषय निघाला. माझ्या मुलाने मी वापरलेलाच जुना मुद्दा काढला. मामेभावाने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, थांब, याची बाजू मी सांगते. लाल कांदा, उन्हाळ कांदा, लिलाव, शुल्क, सातबारा, सगळं ओळीने सांगितलं. तो चहाचा कप हातात धरून ऐकत होता. माझं झाल्यावर म्हणाला,

“एक राहिलं, ताई. गोल्टी. बारका माल निवडायला ज्या बाया लावतो, त्यांची मजुरी कुणी धरतच नाही.”

मी कागद काढून तेही लिहून घेतलं.

आपली,
एक वाचक, डोंबिवली