गाठ जनुकीय होती, वंशातली नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात पान सातवर ‘मेंदूचा ट्यूमर अनुवंशिक’ हा मथळा वाचला. शुद्धलेखनाप्रमाणे ‘आनुवंशिक’ हवे. मी एकतीस वर्षे मुद्रितशोधकाची नोकरी केली, म्हणून नजर आधी तिथे गेली. पण तक्रार ऱ्हस्व-दीर्घाची किंवा कान्याची नाही. खाली बातमीत सगळीकडे ‘जनुकीय बदल’ असे बरोबर लिहिले आहे आणि मथळ्यात त्याचे ‘अनुवंशिक’ झाले आहे. ज्याने मथळा दिला त्याने बातमी वाचलीच नाही, असे मी म्हणतो.

या एका शब्दाने काल आमच्या घरात काय केले ते ऐका. माझ्या पुतणीचे लग्न जमत आले होते. बघणे झाले, पसंती झाली, येत्या रविवारी याद्या करायच्या होत्या. तिचे वडील, म्हणजे माझा धाकटा भाऊ, मेंदूच्या गाठीने गेले हे आम्ही पहिल्याच बैठकीत सांगितले होते. त्या मंडळींनी ते समजूनही घेतले होते. काल दुपारी मुलाच्या मामांनी व्हॉट्सॲपवर तुमच्या बातमीचा फोटो पाठवला, मथळ्याभोवती लाल गोल काढून. पाठोपाठ फोन. “काका, राग मानू नका, पण आता पेपरातच आलंय. पुढच्या पिढीचा विचार करायला नको का?” मला कमी ऐकू येते, म्हणून फोन स्पीकरवर होता. पुतणी तिथेच मेथी निवडत बसली होती. ती काही बोलली नाही. निवडलेली आणि न निवडलेली मेथी एकाच ताटात ढकलून उठली आणि आत गेली.

भावाला सुरुवातीला शब्द सापडेनासे झाले. चष्मा मागायचा तर ‘ते डोळ्यांचं दे’ म्हणायचा. आम्हाला वाटले थकवा असेल. मग एमआरआय, पुण्याला ऑपरेशन, आणि रिपोर्ट आला: ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे मेंदूचा झपाट्याने वाढणारा कर्करोग, ग्रेड चार, आयडीएच वाइल्डटाइप, म्हणजे आयडीएच या जनुकात बदल नाही. रेडिएशनचे तीस शेक झाले, टेमोझोलोमाइड या केमोच्या गोळ्या झाल्या. चौदा महिने मिळाले.

गाठीच्या जनुकांची तपासणी सांगितली तेव्हा मीही घाबरून डॉक्टरांना विचारले होते, की हे पोरीला होणार का? त्यांनी फाइलच्या पाठीवर चित्र काढून समजावले. मी ते माझ्या धंद्याच्या भाषेत असे समजलो. फर्म्यात, म्हणजे छपाईच्या जुळवलेल्या साच्यात, खिळा (शिशाचे अक्षर) चुकीचा बसला तर प्रत्येक प्रतीत चूक उमटते. पण छापून झालेल्या एका प्रतीवर शाई सांडली तर ती प्रत खराब होते, फर्म्याला काही होत नाही. भावाच्या जनुकांतला बिघाड त्या गाठीच्या पेशींत झाला होता, तोही वय वाढल्यावर. जन्मतः त्याच्या अंगात नव्हता, मग लेकीला देणार कुठून? तपासणी केली ती गाठीचे नेमके नाव ठरवायला आणि गोळ्या कितपत लागू पडतील ते बघायला. एमजीएमटी नावाच्या जनुकाची स्थिती त्यासाठीच बघतात. भावाची अनुकूल नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणापासून तर अशा कित्येक गाठींचे नाव जनुके बघितल्याशिवाय ठरतच नाही. म्हणजे ‘जनुकीय’ हा शब्द आता घरोघरच्या रिपोर्टात येणार, आणि तुम्ही दर वेळी त्याचा ‘आनुवंशिक’ करणार असाल तर किती लग्ने मोडतील?

वंशातून येणाऱ्या गाठी नसतातच असे मी म्हणत नाही. मेंदूच्या गाठीच्या शंभर रुग्णांत साधारण पाच जणांत तसे असते. न्यूरोफायब्रोमॅटोसिस या आजाराच्या पहिल्या प्रकारात सतराव्या गुणसूत्रावरचे जनुक बिघडलेले असते आणि ते मुलात उतरण्याची शक्यता निम्मी. अंगावर दुधाळ कॉफीच्या रंगाचे सहा किंवा जास्त डाग दिसतात, लहानपणीच डोळ्याच्या नसेवर गाठ होऊ शकते. ली-फ्रॉमेनी नावाच्या प्रकारात टीपी५३ हे जनुक बिघडते आणि एकाच घरात तरुण वयात वेगवेगळे कर्करोग दिसतात. अशा घरांनी लपवू नये, वेळेवर तपासणी करावी. उद्या लग्न मोडण्याच्या धास्तीने तीच माणसे तोंड मिटून बसतील, याचा विचार मथळा देताना झाला होता का?

आणखी एक. त्याच पानावर, बातमीच्या खाली, ‘मेंदूची गाठ विनाऑपरेशन विरघळते’ अशी जाहिरात आहे. असल्याच एका चूर्णावर भावजयीने दोन पाटल्या मोडल्या. भाऊ ते चूर्ण मधातून चाटताना घास चुकून ठसकायचा, तरी ती भरवायची, कारण छापून आले होते. कर्करोगावरच्या आणि मेंदूच्या विकारांवरच्या अशा जाहिरातींना मनाई करणारा कायदा १९५४ पासून आहे. तुमच्या जाहिरात विभागाला तो माहीत असायला हवा.

दुरुस्ती छापा. पान सातवरच, मथळ्याच्याच टाइपात, आतल्या पानाच्या कोपऱ्यात दिलगिरीच्या दोन ओळी नकोत. त्यात एवढेच लिहा की जनुकीय म्हणजे आनुवंशिक नव्हे. ज्या दिवशी छापाल त्या दिवशी मी अंकाच्या दोन प्रती घेईन. एक त्या मामांच्या घरी मला स्वतः नेऊन द्यायची आहे, रविवारच्या आत.

कळावे,
एक जुना वाचक, सातारा
(नाव छापू नये ही विनंती. मुलीचा प्रश्न आहे.)