थिसिसचा विषय ठरवताना

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

थिसिससाठी तू लहान मुलांचं प्रीमेड, म्हणजे भुलेआधी मूल शांत करायचं औषध, निवडलंस हे वाचून फार बरं वाटलं. तोंडावाटे मिडाझोलम की नाकातून डेक्समेडेटोमिडिन, या प्रश्नावर आजवर पुष्कळ पेपर आले आहेत, ‘यात नवीन काय?’ असं कुणीतरी म्हणणारच. तरी विषय सोडू नकोस. या अभ्यासांत औषधांपेक्षा मोजमापाचेच घोळ जास्त असतात. कुठलं औषध चांगलं हा प्रश्न नंतरचा. चांगलं म्हणजे काय, ते कुणी, कधी आणि कशाने मोजायचं, हे सिनॉप्सिस (अभ्यासाचा आराखडा) लिहिण्याआधी पक्कं कर.

वेळेपासून सुरुवात करू. तोंडावाटे मिडाझोलम ०.५ मिग्रॅ प्रति किलो दिलं की वीस-तीस मिनिटांत मूल शांत होतं आणि पाऊण तासानंतर असर ओसरू लागतो. नाकातून दिलेलं डेक्स १ ते २ मायक्रोग्रॅम प्रति किलो, पण त्याला पंचवीस ते पंचेचाळीस मिनिटं लागतात. आता दोन्ही औषधं एकाच वेळी देऊन विसाव्या मिनिटाला मुलाला टेबलवर घेतलंस तर मिडाझोलम जिंकणार. ऑपरेशनची लिस्ट लांबून तास झाला तर डेक्स जिंकणार. दोन्ही वेळा निकाल घड्याळाने दिलेला असतो. म्हणून डबल डमी ठेव: प्रत्येक मुलाला इंडक्शनच्या (भूल सुरू करण्याच्या) चाळीस मिनिटं आधी नाकात काहीतरी आणि पंचवीस मिनिटं आधी तोंडात काहीतरी. एका गटात नाकात डेक्स आणि तोंडात गोड पाणी, दुसऱ्यात नाकात सलाइन आणि तोंडात मिडाझोलम. औषध दिल्याची आणि मास्क लावल्याची वेळ मिनिटासकट फॉर्मवर यायला हवी. सरकारी रुग्णालयात आधीची केस लांबणं हे रोजचंच, तेव्हा किती उशीर चालेल ती मर्यादा प्रोटोकॉलमध्येच लिही. मर्यादेबाहेर गेलेलं मूलही त्याच्या मूळ गटातच मोजायचं, काढून टाकायचं नाही.

डोसकडे जरा बारकाईने बघ. १५ किलोच्या मुलाला २ मायक्रोग्रॅमने डेक्स ३० मायक्रोग्रॅम. अँप्यूलमध्ये मिलीला १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.३ मिली, प्रत्येक नाकपुडीत ०.१५. इतकं थोडं मोजायचं म्हणून कुणीतरी हमखास इन्शुलिनची सिरिंज पुढे करतं. आपल्याकडची लाल झाकणाची सिरिंज मिलीला ४० युनिटांची असते. तिच्यावर ‘३०’ च्या रेषेपर्यंत औषध भरलं तर ते ०.७५ मिली भरतं, म्हणजे ७५ मायक्रोग्रॅम, किलोला ५. तुझ्या अभ्यासात १ मिलीची साधी ट्युबरक्युलिन सिरिंजच वापरायची असं लिहून टाक आणि भरणाऱ्यापासून वेगळ्या माणसाने डोस तपासायचा. नाकात फवारा मारणारं अ‍ॅटमायझर मिळालं तर उत्तम. पण त्याच्या पोकळीत सुमारे ०.१ मिली औषध अडकून राहतं. ०.३ मिलीतलं ०.१ अडकलं तर एक तृतीयांश डोस गेलाच की. तेवढं जास्तीचं भरायचं आणि ते फॉर्ममध्ये वेगळं दाखवायचं. सिरिंजने थेंब टाकणार असशील तर मूल आईच्या मांडीवर थोडं मागे रेललेलं हवं आणि थेंब हळू पडायला हवेत. भरकन टाकलेलं औषध घशात उतरतं, आणि गिळलेल्या डेक्सचा फार थोडा भाग रक्तात पोचतो.

मिडाझोलमची अडचण चवीची आहे. इंजेक्शनच तोंडावाटे द्यायचं असेल तर मिलीला १ मिग्रॅवालं त्या १५ किलोच्या मुलाला साडेसात मिली होतं, आणि एवढं कडू कोणतंच मूल पूर्ण पीत नाही. मिलीला ५ मिग्रॅवालं घे, दीड मिली होतं, त्यात गोड सरबत घालून एकूण पाच मिलीच्या आत बसव. अर्धं थुंकलं तर? परत द्यायचं नाही, ‘थुंकलं’ अशी खूण करायची आणि मूल मिडाझोलमच्याच गटात ठेवायचं. शेवटी घरी-दारी मुलं थुंकतातच, तेव्हा औषधाचा हिशेब त्यासकटच व्हायला हवा. कडू चवीने ब्लाइंडिंगही फुटतं, म्हणजे कुणाला काय दिलं हे गुपित राहत नाही. मुलाचं तोंड वाकडं झालेलं ज्याने पाहिलं त्याने पुढे स्कोअर देता कामा नये. औषध पाजणारी व्यक्ती वेगळी, मास्कच्या वेळी स्कोअर देणारी वेगळी, आणि रिकव्हरीत स्कोअर देणाऱ्याला अ‍ॅनेस्थेशिया चार्ट दिसायला नको. डेक्सने नाडी मंदावते, तो आकडा पाहिला की गट ओळखता येतो.

नाडी मंद झाली म्हणून लगेच काही टोचू नकोस. रक्तदाब आणि हातापायांची ऊब ठीक असेल तर बघत राहायचं. डेक्सनंतर घाईने नाडी वाढवणारं ग्लायकोपायरोलेट दिल्यावर रक्तदाब भलताच चढल्याच्या नोंदी आहेत. औषध दिल्यापासून ओटीत (ऑपरेशन थिएटरात) जाईपर्यंत बोटाला पल्स ऑक्सिमीटर आणि जवळ ऑक्सिजन, यात तडजोड नाही. प्रीमेडच्या खोलीत ही सोय नसेल तर अभ्यास तिथे सुरूच करायचा नाही.

आता मोजायचं काय. भीतीसाठी सुधारित येल स्केल वापर, त्याचा छोटा चार भागांचा प्रकार ओटीत जमतो. पण भूक आणि भीती त्या स्केलवर सारखीच दिसते. ‘रात्री बारापासून उपाशी’ या जुन्या सवयीने आठ-दहा तास पाण्याविना राहिलेलं तीन वर्षांचं पोर रडेल ते कशाने? युरोपच्या २०२२ च्या मार्गदर्शनात साधं पाणी किंवा गाळीव सरबत भुलेआधी एक तासापर्यंत, आईचं दूध तीन तासांपर्यंत चालतं. तुमच्या विभागाचा नियम पाण्यासाठी दोन तासांचा असेल तर तो पाळ, पण तो खरोखर दोन तासांचाच राहील हे बघ: वॉर्डातल्या सिस्टरला लिस्टचा क्रम आणि पाणी देण्याची वेळ लिहून द्यायची. शेवटचं पाणी किती वाजता प्यायलं हा रकाना तुझ्या फॉर्ममध्ये असायलाच हवा.

जागं होताना मूल बेभान होऊन हातपाय झाडतं त्याचं मोजमाप पीएईडी स्केलने होतं. पाच मुद्दे, प्रत्येकी ० ते ४, एकूण २०. नजरेला नजर देतं का, हालचालीत हेतू आहे का, आजूबाजूचं भान आहे का, हे तीन उलटे मोजायचे, म्हणजे ‘अजिबात नाही’ ला ४. मग अस्वस्थता आणि समजूत न पटणं. नवे निवासी डॉक्टर पहिले तीन सुलटे भरतात आणि सगळी शीट वाया जाते, म्हणून फॉर्मवर पर्यायांसमोर गुण आधीच छाप. जागं झाल्यावर दर पाच मिनिटांनी अर्धा तास मोज आणि सर्वांत मोठा आकडा धर. १० च्या वर की १२ च्या वर, हे आधीच ठरव. दोन्ही सीमा वापरात आहेत, आणि डेटा हातात आल्यावर सोयीची निवडणं म्हणजे फसवणूक.

दुखण्याने रडणारं मूलही या स्केलवर वर जातं. म्हणून २ ते ६ वर्षांची मुलं, इंग्वायनल हर्निया, सेव्होफ्लुरेन (हुंगवायची भूल) आणि कॉडल ब्लॉक (माकडहाडाजवळ टोचून खालचा भाग बधिर करणं), असा एकसारखा गट घे. कॉडलला ०.२५ टक्के ब्युपिव्हकेन किलोला १ मिली म्हणजे २.५ मिग्रॅ झालं, ती वरची हद्द आहे. त्यावर सर्जनने जखमेत आणखी लोकल (बधिर करणारं औषध) टोचायचं नाही, हे त्यांना आधी सांगून ठेव. सोबत फ्लॅक स्केलने वेदना मोज, म्हणजे ब्लॉक फसलेली मुलं वेगळी ओळखू येतील.

‘प्रत्येक गटात ३०’ ही थिसिसची प्रथा मला मुळीच पटत नाही. गणित स्वतः करून बघ. एका गटात ४० टक्के मुलं बेभान होतात असं धर आणि पॉवर, म्हणजे खरा फरक असला तर तो पकडण्याची शक्यता, ८० टक्के ठेव. दुसऱ्या गटात ते प्रमाण २० टक्क्यांवर आलेलं पकडायला गटात साधारण ८० मुलं लागतात. ३० टक्क्यांवर आलेलं पकडायला साडेतीनशेच्या वर. तीस-तीस मुलांत जेमतेम ४० चं १० झालेलं दिसतं, एवढा चमत्कार प्रीमेड सहसा करत नाही. मग ‘फरक आढळला नाही’ असं लिहून लोक मोकळे होतात आणि वाचणारा ‘दोन्ही सारखी’ असं समजतो. दीड वर्षात तुमच्या ओटीत किती हर्निया होतात ते रजिस्टर काढून मोज. दोन्ही गट आणि थोडी गळती धरून १८० मुलं मिळणार नसतील तर मुख्य आउटकम (मोजायचा निकाल) भीतीचा स्कोअर ठेव, त्याला कमी मुलं पुरतात.

‘फरक नाही’ हे ठामपणे म्हणायला काय लागतं ते गॅस ट्रायलमध्ये दिसतं. २००३ मध्ये सात दिवसांच्या उंदरांना सहा तास भूल दिल्यावर मेंदूतल्या पेशी मेल्याचं दिसलं, आणि आईबापांच्या मनात धास्ती बसली. मेलबर्नचे अँड्र्यू डेव्हिडसन आणि बोस्टनच्या मेरी एलन मॅकॅन यांच्या पुढाकाराने सात देशांतल्या २८ रुग्णालयांत ७२२ तान्ह्या बाळांना हर्नियासाठी सेव्होफ्लुरेन किंवा जागेपणी स्पायनल (पाठीत टोचून कमरेखाली बधिर करणं) असं चिठ्ठ्या टाकावं तसं वाटून दिलं. २००७ ते २०१३ भरती, आणि मुलं पाच वर्षांची झाल्यावर बुद्ध्यंक मोजून २०१९ मध्ये निकाल. स्पायनलवाल्यांची सरासरी ९९.०८, सेव्होफ्लुरेनवाल्यांची ९८.९७. पाच गुणांच्या आतला फरक ‘सारखाच’ मानायचा, हे त्यांनी आधीच ठरवलं होतं. म्हणूनच त्यांना ‘सारखं’ म्हणायचा हक्क पोचतो. तरी त्याचा आवाकाही लक्षात ठेव: भूल एकदाच, मध्यक ५४ मिनिटं (निम्म्या बाळांना याहून कमी), आणि बहुतेक मुलगे. अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएने २०१६ मध्ये तीन वर्षांखालच्या मुलांबाबत सावध केलं ते तीन तासांपेक्षा लांब किंवा वारंवार दिलेल्या भुलेबद्दल, आणि त्याचं उत्तर गॅसमध्ये नाही. पीएसीला (भुलेआधीच्या तपासणीला) आईबाप हे विचारतील, तेव्हा एवढं नेमकं सांगता यायला हवं.

सर्दीचा मुद्दा विसरू नकोस. गेल्या दोन आठवड्यांत सर्दी झालेल्या मुलात श्वासाचे त्रास वाढतात, आणि जून-जुलैत आपल्याकडे धड नाकाचं मूल सापडणं कठीण. शिवाय वाहत्या नाकात डेक्स टिकत नाही. सर्दीवाली मुलं वगळ, पण किती वगळली ते महिन्यागणिक लिही. पर्थच्या गटाने टॉन्सिलच्या मुलांना भुलेआधी साल्ब्युटामॉल देऊन बघितलं (२०१९), तेव्हा श्वासाचे त्रास ४८ वरून २८ टक्क्यांवर आले. औषध साधं, फवारा स्वस्त, आणि मोजलं ते मुलाला खरोखर जाणवणारं. तसा प्रश्न पुढच्या वेळी शोध.

संमती शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी मागू नकोस. घाबरलेली आई कशावरही सही करते. आदल्या दिवशी पीएसीला, मराठीत, आणि ‘नाही म्हटलंत तरी उपचार तसाच’ हे वाक्य तोंडाने सांगून. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शनानुसार सात वर्षांवरच्या मुलाची स्वतःची संमतीही लागते, तुझ्या वयोगटात ती येत नाही, तरी पाच-सहा वर्षांच्या मुलाला काय होणार ते सांगायचंच. डेक्स नाकातून देणं लेबलबाहेरचं, म्हणजे मंजूर वापरात नसलेलं, आहे. २०१९ च्या औषध-चाचणी नियमांत शैक्षणिक अभ्यासाला नैतिक समितीची मंजुरी पुरते, पण सिनॉप्सिसमध्ये ते उघड लिही, लपवल्यासारखं वाटायला नको. सीटीआरआयची (देशाच्या ट्रायल नोंदवहीतली) नोंदणी पहिलं मूल घेण्याआधी हातात हवी. नंतरची चालत नाही, आणि ती व्हायला वेळ लागतो, म्हणून समितीचं पत्र आलं त्याच दिवशी अर्ज भरायला बस.

नाशिकला आरोग्य विद्यापीठाकडे सिनॉप्सिस पाठवण्याआधी फॉर्मचा कच्चा नमुना माझ्याकडे पाठव. अभ्यासात न घेतलेल्या चार-पाच मुलांवर दोघींनी वेगवेगळं पीएईडी भरून बघा, तू आणि तुझी सहनिवासी. आकडे जुळतायत का ते बघू, मग पुढचं बोलू.

तुझी,
आई