सूचना : पुस्तक महोत्सवात प्रकाशकांना भेटणाऱ्या सदस्यांसाठी

सप्रेम नमस्कार.

पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावरील पुस्तक महोत्सवाला जाताना हस्तलिखिताची अख्खी फाइल स्टॉलवर ठेवून येऊ नका. गर्दीत ती गहाळ होते. एका पानाचा सारांश, टाइप केलेले एक प्रकरण आणि दोन्हींवर आपला फोन नंबर, एवढे पुरे. शनिवार-रविवारची संध्याकाळ टाळा, तेव्हा विक्रीची घाई असते. आधी प्रकाशकांची ग्रंथसूची चाळा. निव्वळ कथा-कादंबऱ्या काढणाऱ्यांपुढे शेतीचे पुस्तक ठेवून काय उपयोग? "पुस्तक कशावर आहे?" याचे उत्तर दोन वाक्यांत देता आलेच पाहिजे; घरी मोठ्याने म्हणून पाहा. हस्तलिखित कोण वाचते आणि निर्णय साधारण कधी कळतो, हेही मोकळेपणाने विचारा.

मराठीत लेखकांचे एजंट जवळपास नाहीतच, त्यामुळे करार आपणच नीट वाचायचा. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क ५ वर्षांसाठी दिले असे धरले जाते. मुदत, मानधन, प्रतींची संख्या लेखी घ्या. स्टॉलवर उभ्या उभ्या सही नको.

सारांश तपासून हवा असेल त्यांनी पुढच्या बैठकीला छापील प्रत आणावी.