‘डेडलाइन’ छापा, पण रेषेच्या पलीकडे काय आहे तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दर नोव्हेंबरात आपल्या दैनिकात पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्याची बातमी येते आणि तिच्या मथळ्यात हमखास ‘डेडलाइन’ हा शब्द असतो. मी सोलापुरात महा ई-सेवा केंद्र चालवते. तसा मथळा आला की दुसऱ्या दिवशी शटर वर करायच्या आधीच पायरीवर म्हातारी माणसं येऊन बसलेली असतात, कित्येकांच्या हातात आपल्याच अंकाचं कात्रण असतं. त्या एका शब्दाचं काय होतं हे मी काउंटरवरून बघते, म्हणून हे पत्र.

गेल्या नोव्हेंबरात सूतगिरणीतून निवृत्त झालेले एक आजोबा आले. सगळी उमर रिंगखात्यात, म्हणजे सूत कातायच्या यंत्रांवर गेलेली, बोटांवरच्या रेषा झिजून गेलेल्या. यंत्रावर अंगठा काही केल्या उठेना. मग मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर बसवून चेहऱ्यावरून करू म्हटलं. त्यात मध्येच डोळ्यांची उघडझाप करायची असते. “आजोबा, पापण्या मिटा” असं मी म्हणाले, तर त्यांच्या डोळ्यांतून पाणीच आलं. विचारलं तेव्हा म्हणाले, “ताई, नातू सांगतोय, डेड म्हंजे मेलेला. तीस तारखेच्या आत हे झालं न्हाई, तर सरकारदप्तरी मी मेलो म्हणून लागनार का?”

त्यांच्या पिशवीतले कागद मी एकेक करून पाहिले. पेन्शन ईपीएस-९५ ची, म्हणजे भविष्य निर्वाह निधीकडून मिळणारी. त्याच पिशवीत मार्चमध्ये काढलेला हयातीचा दाखलाही होता. ईपीएसच्या पेन्शनरांना वर्षात केव्हाही दाखला देता येतो आणि तो दिल्यापासून बारा महिने चालतो. ३० नोव्हेंबरचा त्यांच्याशी काही संबंधच नव्हता. महिन्याला हजार-बाराशे रुपये पेन्शन घेणारा माणूस रिक्षाला पैसे मोजून, उपाशीपोटी, रडवेला होऊन आला होता तो फक्त मथळ्यामुळे. बातमीत ‘पेन्शनर’ एवढंच होतं, कुठले पेन्शनर ते नव्हतं.

मी या शब्दाच्या मागे लागले ती त्या दिवसापासून. मुळात तो वेळेचा नव्हताच, जागेचा होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धात दक्षिणेच्या फौजेनं जॉर्जिया राज्यात अँडरसनव्हिल इथं युद्धकैद्यांचा तळ उभारला, फेब्रुवारी १८६४ मध्ये. जागा १०,००० माणसांच्या बेताची होती, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये तिथं ३२,००० च्या वर कैदी उघड्यावर कोंडलेले होते. भोवती उंच ओंडक्यांचं कुंपण आणि त्याच्या आत साधारण १९ फुटांवर बुटक्या खुंटांवर ठोकलेली लाकडी पट्टी. ती डेडलाइन. ती ओलांडणाऱ्याला कुंपणावरच्या चौकीतला पहारेकरी गोळी घाली. मे १८६४ मध्ये झालेल्या तपासणीच्या अहवालात ही रेषा याच नावानं नोंदलेली आहे. तळाच्या मधून एक ओढा वाहत होता, पिण्याचं पाणी त्याचंच आणि घाणही त्यातच जायची. जरा बरं पाणी मिळावं म्हणून पट्टीखालून हात घालणाऱ्यांना गोळ्या घातल्याचं सुटून आलेल्या कैद्यांनी लिहून ठेवलं आहे. त्या तळावर एकंदर ४५,००० कैदी आले आणि जवळजवळ १३,००० तिथंच मेले, बरेचसे हगवणीनं आणि ताजी भाजी-फळं न मिळाल्यानं होणाऱ्या स्कर्व्ही या रोगानं. तळाचा अंमलदार हेन्री वर्झ याच्यावर युद्धानंतर वॉशिंग्टनमध्ये खटला चालला. १० नोव्हेंबर १८६५ रोजी त्याला फाशी झाली. या खटल्यातही ही रेषा वारंवार पुढे आली होती.

नंतर हा शब्द छापखान्यात दिसतो. सपाट छपाईयंत्राच्या बैठकीवर एक खूण असे, तिच्याबाहेर गेलेले खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, कागदावर नीट उमटत नसत. त्या खुणेलाही डेडलाइन म्हणत. आणि १९२० च्या आगेमागे अमेरिकेतल्या वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत मजकूर हातात पडण्याच्या शेवटच्या वेळेला हे नाव रुळलं. तुरुंगातल्या रेषेपासून कचेरीतल्या घड्याळापर्यंत तो सरळ आला याचा पक्का पुरावा नाही. मला छापखान्याची वाट जास्त पटते, कारण खुणेबाहेरचे खिळे आणि वेळेनंतर आलेली बातमी, दोन्ही अंकात उमटत नाहीत. म्हणजे आजच्या अर्थानं हा शब्द तुमच्याच धंद्यातून जगभर गेलेला आहे, म्हणूनच तुमच्याकडे हक्कानं मागणं मागते आहे.

कैद्याला माहीत होतं की पट्टीपलीकडे गोळी आहे. बातमीदाराला माहीत असतं की वेळ टळली की पान गेलं. माझ्याकडे येणाऱ्या माणसाला मात्र तारीख हुकली तर काय होईल हे कोणीच सांगितलेलं नसतं, म्हणून तो मनानंच सगळ्यात वाईट ते धरून चालतो. खरं तर सरकारी पेन्शनरांनी नोव्हेंबरात दाखला दिला नाही तर पेन्शन थांबते, आणि दाखला दिला की थकबाकीसकट पुन्हा सुरू होते. ऐंशी वर्षं पूर्ण झालेल्या केंद्राच्या पेन्शनरांना तर १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो, म्हणजे त्यांनी गर्दीत यायची गरजच नाही. या दोन ओळींना पानावर कितीशी जागा लागते?

दुसरं टोकही मी बघते. पॅन आणि आधार जोडायची ‘डेडलाइन’ वर्षानुवर्षं पुढे ढकलली जात होती आणि दर वेळी मथळा तोच. लोक म्हणायला लागले, वाढते की, आत्ताच कशाला घाई? ३० जून २०२३ नंतर ती खरोखर संपली, न जोडलेले पॅन निष्क्रिय झाले आणि ते चालू करायला हजार रुपये भरायची पाळी आली. एक रुपयात पीक विमा होता त्या काळातही तसंच. अवकाळीनं शेतातलं पीक झोपलं तर ७२ तासांत कळवायचं होतं. ती खरी न ओलांडता येणारी रेषा होती, आणि बातमीत ती शेवटच्या परिच्छेदात असायची. पाचव्या दिवशी मोबाइलमधले फोटो घेऊन आलेल्या शेतकऱ्याला “आता तक्रार घेत नाही” असं सांगताना मला काय वाटलं असेल ते तुम्हाला कळेल. भिववायला नको तिथं हा शब्द भिववतो, आणि धावत यायला हवं तिथं लोक आता त्याला जुमानत नाहीत.

दहावी-बारावीच्या परीक्षेचे अर्ज आठवा. नियमित शुल्क, विलंब शुल्क, अतिविलंब शुल्क, प्रत्येकाची तारीख वेगळी. अक्षरओळख एवढंच शिक्षण झालेली आईसुद्धा ते वाचून समजते की अजून दार उघडं आहे, पण आता जास्त पैसे पडतील. ‘मुदत’ शब्दातही ही सोय आहे. मुदतवाढ मिळते, मुदत टळते, मुदतीनंतर अर्ज करता येतो किंवा येत नाही, हे सगळं आपल्याला ऐकल्याबरोबर कळतं. इंग्रजी शब्द नकोच असा माझा हट्ट नाही, मी स्वतः दिवसभर ओटीपी, सर्व्हर आणि अपलोडच बोलते. पण हयातीच्या दाखल्याच्या बातमीत, ज्यांना आपण जिवंत आहोत हे दरवर्षी सिद्ध करावं लागतं त्यांच्यासाठी, मथळ्यात ‘मुदत’ किंवा ‘शेवटची तारीख’ लिहा. हे मी हात जोडून सांगते.

पुढच्या नोव्हेंबरात ही बातमी द्याल तेव्हा ईपीएस-९५ चे पेन्शनर यातून वेगळे आहेत हे पहिल्याच परिच्छेदात येऊ द्या. तारीख हुकली तर पेन्शन कायमची बंद होत नाही हेही लिहा. आणि ज्यांना जिना उतरता येत नाही त्यांच्याकडे पोस्टमन घरी येऊन डिजिटल दाखला काढून देतो, ही सोय चौकटीत ठळक छापा. माझ्या केंद्रात येणाऱ्या निम्म्याअधिक म्हाताऱ्यांना ती माहीत नाही.

आपली,
एक महा ई-सेवा केंद्रचालक, सोलापूर